'निघालोच' म्हणजे नेमके कुठे? पुण्यातल्या एका रेडिओ टेलिफोनी वर्गाचे परीक्षण

माझी पुतणी बारामतीला विमानचालनाचे प्रशिक्षण घेत आहे. विमान तिच्या हाताला बऱ्यापैकी बसले आहे, पण टॉवरशी बोलायची वेळ आली की वाक्य अर्ध्यावर सुटते आणि मग नुसते 'ओके सर' म्हणून आपण मोकळे होतो, अशी तिची स्वतःचीच तक्रार होती. वैमानिकाला उड्डाणाच्या परवान्याखेरीज रेडिओवर बोलण्याचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याला सगळे आरटीआर म्हणतात आणि बरीच मुले तिथेच अडकतात. हे प्रमाणपत्र वर्षानुवर्षे दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा देत असे. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि ते काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे गेले. मी दूरसंचार खात्यातूनच निवृत्त झालो असून नोकरीची पहिली वर्षे पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली आहेत. त्यामुळे पुतणीने आठ रविवारांच्या या वर्गाचे नाव काढले तेव्हा तिला सोडायला जायच्या निमित्ताने मीही आत जाऊन बसलो, आणि तिथे 'श्रोता' म्हणून अर्ध्या शुल्कात बसू देतात असे कळल्यावर रीतसर पैसे भरून बसलो.

वर्गाचे नाव लिहीत नाही. चालवणारे गृहस्थ हवाई दलात एअर ट्रॅफिक कंट्रोलर होते, आता सत्तरीला आले आहेत, एका वेळी आठच विद्यार्थी घेतात आणि जाहिरात करत नाहीत. शिवाय पुढे मला काही दोषही दाखवायचे आहेत. ज्यांना गरज आहे त्यांना बारामतीच्या धावपट्टीवर कोणीही पत्ता सांगेल.

जागा कर्वेनगरातल्या एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, मध्ये दार, आणि वर्ग चालू असताना ते दार बंद. बाहेरच्या खोलीत चार टेबले, प्रत्येकावर हेडसेट आणि बोलताना दाबून धरायचे बटण. हे झाले विमान. आतली खोली म्हणजे पूर्वीचे स्वयंपाकघर, आणि तिथे टॉवर आहे. ओट्यावर मिक्सर अजूनही आहे, फक्त तो आवाजाचा आहे: त्यातून खरखर, मागचा इंजिनाचा घोंघाट आणि मध्येच तुटणारा आवाज हवा तेवढा मिसळता येतो. ओट्यासमोरच्या मोठ्या टेबलावर लोहगावच्या, म्हणजे पुणे विमानतळाच्या, धावपट्टीचा हाताने काढलेला नकाशा पसरलेला असतो, एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला २८ असे आकडे, आणि त्यावर पत्र्याची छोटी विमाने. बाहेर बसलेल्याला हा नकाशा दिसत नाही, जे काही आहे ते कानातून. सगळ्या वर्गाची किमया या एका बंद दारात आहे. महागडी यंत्रे लावलेल्या एका ठिकाणी आम्ही आधी चौकशी केली होती. तिथे वैमानिक आणि कंट्रोलर शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहत संवादाचा सराव करत होते. चेहरा दिसला की निम्मा अर्थ चेहऱ्यावरूनच कळतो, मग रेडिओ शिकायचा कशाला?

पहिले दोन रविवार अक्षरे आणि आकडे यांत जातात. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही मालिका मुलांना पाठच असते. आकड्यांचे मात्र तसे नाही. तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर' म्हणायचे, कारण खरखरीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' एकमेकांत मिसळतात. आकडे सुटे सुटे, एकेक करून म्हणायचे. मुलांना हे पोरकट वाटते. मला वाटले नाही, कारण ट्रंक एक्स्चेंजमध्ये मराठी आकड्यांनी मला पुरते छळलेले आहे. लोक नंबर दोन दोन अंकांच्या जोडीने सांगायचे, आणि एकोणसत्तर की एकोणऐंशी, एकोणपन्नास की एकोणसाठ यावरून मी किती गिऱ्हाइके भलत्याच घरी जोडून दिली याचा हिशेब नाही. आमच्याकडे चुकले तर समोरचा दोन शब्द सुनावून फोन ठेवायचा. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळाकडे उतरणाऱ्या मालवाहू बोइंग ७४७ ला कंट्रोलरने २,४०० फुटांवर या या अर्थी 'डिसेंड टू फोर झिरो झिरो' असे सांगितले. विमानात त्यातला 'टू' हा आकडा न वाटता 'पर्यंत' या अर्थाचा इंग्रजी शब्द वाटला आणि उत्तर गेले, 'ओके, फोर झिरो झिरो'. ते चारशे फुटांचे उत्तर टॉवरने टोकले नाही, आणि चौघांसह विमान टेकडीवर आदळले. हा अपघात उतरतानाचा आहे, पण सरांनी तो दुसऱ्याच रविवारी सांगितला आणि फळ्यावर दोन शब्द लिहिले: रीडबॅक आणि हिअरबॅक. ऐकलेले परत म्हणून दाखवणे ही पहिली अर्धी जबाबदारी. परत म्हटलेले कान देऊन ऐकणे ही दुसरी अर्धी, आणि ती ज्याने मुळात सांगितले त्याची.

यानंतर 'रॉजर'. हा शब्द आपल्याकडे चित्रपटांमुळे 'होय' किंवा 'जशी आज्ञा' या अर्थाने रुजला आहे. खरा अर्थ एवढाच, की तुमचे शेवटचे बोलणे मला पूर्ण ऐकू आले. पटले, करतो, करायला घेतले, यांपैकी काहीही त्यात नाही. करतो म्हणायचे असेल तर 'विल्को' हा वेगळा शब्द आहे. सरांनी याला चपखल मराठी शब्द दिला: हुंकार. कीर्तनात किंवा फोनवर आपण 'हं, हं' करत राहतो, त्याचा अर्थ मी जागा आहे एवढाच असतो; कर्जाला जामीन राहायला तयार आहे असा नसतो. पण ज्याला तो जामीन हवा असतो, त्याला 'हं' मध्ये नेमका होकार ऐकू येतो.

वर्गाचे खरे मोल तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी, उड्डाणाच्या सरावात आहे, आणि मी हे लिहायला बसलो तेही त्याच दोन दिवसांमुळे.

विमान निघायचे म्हणजे परवानग्यांची एक उतरंड असते. आधी मार्गाचा क्लिअरन्स मिळतो: कुठपर्यंत जायचे, किती उंचीपर्यंत चढायचे, निघाल्यावर कुठे वळायचे, रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर कोणता चार अंकी कोड लावायचा. मग इंजिन सुरू करण्याची परवानगी, मग टॅक्सी (म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेणे), मग धावपट्टीच्या अलीकडे थांबण्याची जागा, मग धावपट्टीवर येऊन उभे राहण्याची परवानगी, आणि सगळ्यात शेवटी 'क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ'. गोम अशी, की पहिल्या आणि शेवटच्या पायरीत 'क्लिअर्ड' हा एकच शब्द येतो. मार्ग मोकळा म्हणजे धावपट्टी मोकळी नव्हे, हे कागदावर कोणालाही कळते. पण इंजिने सुरू आहेत, आधीच दोन तास उशीर झालेला आहे, मागे माणसे कंटाळली आहेत आणि कानात एकदाचा 'क्लिअर्ड' हा शब्द पडला, अशा वेळी तो ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून तयार असलेल्या वाक्यात जाऊन बसतो.

त्या रविवारी पुतणी बाहेरच्या टेबलावर होती आणि मी आत, ओट्यापाशी उभा. ती धावपट्टी २८ वर येऊन उभी होती, म्हणजे तिचे पत्र्याचे विमान उभे होते. सरांनी तिला मार्गाचा क्लिअरन्स सांगितला, मुद्दाम थोडा घाईत, उंची, वळण, कोड सगळे एका दमात. तिने एकही आकडा न चुकता सगळे परत म्हणून दाखवले. मला अभिमान वाटला. शेवटी तिने जोडले, 'अँड रेडी, गोइंग'. सर म्हणाले 'ओके', आणि बटण सोडून गप्प बसले. मग त्यांनी हातातली खेळण्यातली जीप नकाशावर धावपट्टीच्या बरोबर मध्ये ठेवली. टॉवरच्या जागी बसलेल्या मुलाने ती पाहिली आणि घाईने बटण दाबून 'होल्ड पोझिशन' म्हणाला. त्याच क्षणी दुसऱ्या टेबलावरच्या विमानानेही बोलायला तोंड उघडले, आणि स्पीकरमधून एक लांब, किरकिरी शिट्टी निघाली. दाराच्या पलीकडून पुतणीचा शांत, आत्मविश्वासाचा आवाज आला: 'रोलिंग'. सरांनी तिचे विमान दोन बोटांनी उचलून जीपवर नेऊन ठेवले आणि दार उघडले. 'काका, पण त्यांनी ओके म्हटले होते,' असे ती मला म्हणाली. त्यांना नाही, मला.

ती शिट्टी मला तरुणपणापासून ओळखीची आहे, म्हणून तिच्याविषयी चार ओळी जास्त लिहितो. विमानांची रेडिओ बोलणी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एकाच वाहिनीवर चालतात. एक बोलत असताना दुसऱ्याने ऐकायचे. आपल्या एफएम रेडिओसारखी पद्धत तिथे वापरत नाहीत, जुनी एएम पद्धत वापरतात. दोघे एकदम बोलले तर एफएममध्ये जोरकस आवाज दुबळ्याला गिळून टाकतो आणि कोणी गिळला गेला याचा पत्ताही लागत नाही. एएममध्ये दोन्ही लहरींच्या फरकाची शिट्टी वाजते. शब्द हरवतात, पण काहीतरी हरवले एवढे तरी कळते. सरांचा आग्रह असा, की शिट्टी ऐकली की तिला वाक्य समजा. ती 'तुम्हाला न ऐकू आलेले काहीतरी महत्त्वाचे होते' असे सांगते. त्यानंतर म्हणायचे शब्द दोनच: 'से अगेन'.

दार उघडल्यावर त्यांनी स्पेनच्या तेनेरीफ बेटावरचा अपघात सांगितला. विमानक्षेत्रातल्या प्रत्येकाने हे नाव ऐकलेले असते, तरी सांगण्याची त्यांची पद्धत वेगळी आहे, कारण ते धुके, गर्दी यांवर फार रेंगाळत नाहीत आणि सरळ त्या काही सेकंदांवर येतात. २७ मार्च १९७७. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बाँब फुटल्यामुळे विमाने लॉस रोदेओस या छोट्या विमानतळावर वळवलेली होती. टॅक्सीचे रस्ते उभ्या विमानांनी भरल्यामुळे डच कंपनी केएलएम आणि अमेरिकी कंपनी पॅन अॅम यांची दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरूनच चालत गेली. केएलएमचे विमान टोकाला जाऊन उलटे फिरून उभे राहिले, पॅन अॅमचे अजून मध्येच होते. ढग खाली उतरलेले, टॉवरला दोन्ही विमाने दिसत नव्हती, जमिनीवरचे रडार नव्हते. केएलएमला मार्गाचा क्लिअरन्स मिळाला. सहवैमानिकाने तो परत म्हणून दाखवला आणि शेवटी म्हटले, 'वुई आर नाउ अॅट टेक-ऑफ'. टॉवर म्हणाला 'ओके', जरा थांबला, आणि मग 'उड्डाणासाठी थांबा, मी बोलावतो' असे म्हणू लागला. नेमके तेव्हाच पॅन अॅमने 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असे सांगितले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' पोचले आणि उरलेले शिट्टीत बुडाले. विमान आधीच धावू लागले होते. पुढच्या बोलण्यावरून फ्लाइट इंजिनिअरला शंका आली आणि त्याने विचारले, की तो पॅन अॅमवाला बाजूला झाला नाही का? कॅप्टनने ठासून सांगितले, झाला. ५८३ माणसे गेली.

'अॅट टेक-ऑफ' म्हणजे काय? टॉवरला ते 'उड्डाणाच्या जागी उभे आहोत' असे वाटले, बोलणाऱ्याच्या मनात 'उड्डाण करत आहोत' असे होते. यावर बाहेरच्या मुलांपैकी एकाने, डच माणसाचे इंग्रजी कच्चे होते असा शेरा मारला. सर म्हणाले, 'इंग्रजी राहू दे. तुला आईचा फोन आला, कुठे आहेस, तर तू काय म्हणतोस? निघालोच. तेव्हा तू कुठे असतोस?' वर्ग हसला, कारण 'निघालोच' म्हणणारा माणूस आंघोळीला जायचा असतो हे पुण्यात सर्वांना माहीत आहे. पुढे ते म्हणाले, की घरातून बाहेर पडताना आपण 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणणे अशुभ मानतो, आणि घरच्यांना ते बरोबर कळते, कारण ते आपल्याला पायात चपला घालताना पाहत असतात. रेडिओवर चपला दिसत नाहीत. मी आयुष्यभर मराठी बोललो, पण क्रियापदाच्या काळावर इतका नेमका धडा मला शाळेतही मिळाला नव्हता.

तेनेरीफनंतर 'टेक-ऑफ' हा शब्दच बाजूला काढला गेला. आता तो फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा. एरवी सगळीकडे 'डिपार्चर'. वैमानिकाने 'रेडी फॉर डिपार्चर' म्हणायचे, चुकूनही 'रेडी फॉर टेक-ऑफ' नाही. सरांच्या वर्गात हा नियम इतका कडक आहे, की चहाच्या सुट्टीतसुद्धा कोणी तो शब्द उच्चारला की दहा रुपये डब्यात टाकावे लागतात. मी चाळीस रुपये टाकले आहेत. डब्यातल्या पैशांतून शेवटच्या रविवारी भजी आली आणि ती उत्तम होती.

असाच दुसरा बदल अमेरिकेतला. तिथे धावपट्टीवर येऊन थांबायला 'पोझिशन अँड होल्ड' म्हणत, तर बाकी जगात 'होल्डिंग पोझिशन' म्हणजे धावपट्टीच्या बाहेर थांबायची जागा. शब्द जवळजवळ तेच, अर्थ उलटा. ३० सप्टेंबर २०१० पासून अमेरिकेनेही 'लाइन अप अँड वेट' स्वीकारले.

इथवर ऐकून माझी समजूत झाली होती, की शब्द नीट परत म्हटले की संकट टळते. चौथ्या रविवारी हानेदा आले आणि ती समजूत मोडली. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावरून जपानी तटरक्षक दलाचे एक विमान आदल्या दिवशीच्या नोतो भूकंपातल्या लोकांसाठी मदत घेऊन निघत होते. त्यांना सांगितले गेले, 'नंबर वन, टॅक्सी टु होल्डिंग पॉइंट सी फाइव्ह'. म्हणजे रांगेत तुमचा पहिला क्रमांक, धावपट्टीबाहेरच्या सी ५ या थांब्यापर्यंत या. विमानातून ते अचूक परत म्हटले गेले, वर आभारही मानले गेले. आणि विमान थांबा ओलांडून धावपट्टीवर जाऊन उभे राहिले. जवळपास चाळीस सेकंदांनी उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान त्याच्यावर आदळले. त्या मोठ्या विमानातले सर्व ३७९ लोक जळत्या विमानातून बाहेर पडले; तटरक्षक दलाच्या सहांपैकी पाच जण गेले. तोंडाने 'होल्डिंग पॉइंट' म्हटले गेले आणि मनाने 'नंबर वन' धरून ठेवले. अपघातानंतर जपानने उड्डाणाचा असा क्रमांक सांगणे काही काळ बंदच ठेवले होते.

मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी दाट धुक्यात असेच घडले होते: छोट्या विमानाला आर ५ रस्त्याने जायला सांगितले, त्यांनी आर ५ च परत म्हटले, आणि ते आर ६ वर वळून थेट उड्डाण घेणाऱ्या विमानासमोर आले. वाटेत त्यांनी जमिनीवरची 'एस ४' ही खूण पाहून टॉवरला कळवली, पण ती खूण कंट्रोलरला माहीतच नव्हती. ११८ जण गेले.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडले ते हेच, आणि वर्गाचा सर्वांत चांगला सराव यावरच बेतलेला आहे. सर अधूनमधून रीडबॅक झाल्यावर वैमानिकाला थांबवून दारापलीकडून विचारतात, 'आता तुझे विमान नकाशावर कुठे आहे? आणि कुठे थांबणार?' शब्द बरोबर म्हटलेल्या आठ जणांपैकी दोघा-तिघांनी पहिल्या दिवशी चुकीची जागा सांगितली. पुतणी त्यांतली एक. तिने 'होल्ड शॉर्ट', म्हणजे धावपट्टीच्या अलीकडेच थांबते, हे बरोबर म्हटले होते आणि बोट धावपट्टीच्या आत ठेवले होते.

लोहगावच्या नकाशावरची जीपही कल्पनेतली नव्हे. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्याहून दिल्लीला निघालेल्या ए ३२१ विमानाच्या वैमानिकांना वेग घेत असतानाच धावपट्टीवर जीप आणि एक माणूस दिसला होता. त्यांनी विमान वेळेआधी उचलले, शेपटीकडचा भाग धावपट्टीला घासला, तरी विमान दिल्लीला सुखरूप उतरले. आपला विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे, टॉवरही हवाई दलाचाच, आणि अडीच किलोमीटरच्या एकाच धावपट्टीवर सुखोई आणि प्रवासी विमाने आळीपाळीने ये-जा करतात. सरांनी हे सगळे स्वतः अनुभवले आहे आणि त्याचा फायदा वर्गाला मिळतो. तोटाही मिळतो, त्याकडे आता येतो.

सरांच्या सांगण्यात चूक नेहमी वैमानिकाची असते. सुबांगला ते टॉवरला एक वाक्य देतात, तेनेरीफच्या 'ओके' ला तेवढेही देत नाहीत. मी हे एकदा विचारले. 'अहो, परवानगी दिलीच नव्हती ना!' असे उत्तर मिळाले. परवानगी दिली नव्हती हे खरे. पण जो शब्द ऐकून वर्गातल्या मुलीने विमान सोडले, तो ओट्यापाशी बसलेल्याने उच्चारला होता, आणि मुद्दाम उच्चारला होता, कारण तो फसवतो हे त्यांना चांगले ठाऊक होते. निदान एखाद्या रविवारी तरी विद्यार्थ्यांना टॉवरच्या जागी दीर्घकाळ बसवून, चार विमाने एकदम बोलत असताना हिअरबॅक कसा निसटतो हे दाखवायला हवे. सध्या त्या खुर्चीवर प्रत्येकाला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात.

दुसरा दोष उच्चारांचा. खोलीतले सगळे इंग्रजी मराठी वळणाचे, आणि तेही बहुतेक पुण्याचे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या चरखी दादरीच्या अपघातावर पाचवा रविवार होता: दिल्लीहून निघालेले सौदी विमान १४,००० फुटांवर, समोरून येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फूट सांगितलेले, ते खाली उतरले, आणि ३४९ जणांपैकी कोणी वाचले नाही. कझाक विमानात टॉवरशी बोलायचे काम वैमानिक नव्हे, रेडिओ ऑपरेटर करत असे. म्हणजे ऐकणारा एक आणि उडवणारा दुसरा. भाषेच्या अडचणीचा एवढा भीषण दाखला सांगून झाल्यावर सराव मात्र पुन्हा आमच्याच उच्चारांत झाला. वैमानिकांची आणि कंट्रोलरची इंग्रजी तपासून किमान चौथी पातळी असावी हा आंतरराष्ट्रीय नियम २००८ पासून लागू झाला आहे आणि भारतातही ती परीक्षा द्यावी लागते. पण परीक्षेत उत्तीर्ण होणे वेगळे आणि दमलेल्या परदेशी आवाजातले आकडे पकडणे वेगळे. वेगवेगळ्या देशांतल्या माणसांच्या आवाजात हेच संवाद ध्वनिमुद्रित करून ऐकवले, तरी पुष्कळ काम होईल.

छापील टिपणे कामचलाऊ आहेत, आणि त्यांत आरटीआर अजून दूरसंचार खात्याकडेच आहे. मला ते वाचून बरे वाटले, विद्यार्थ्यांना वाटणार नाही. सहावा रविवार तत्त्वे आणि नियमांच्या तोंडी परीक्षेचा होता. त्यात पाठांतर आहे आणि ते नीट करून घेतात. सातवा सरांना ताप आल्यामुळे बुडाला आणि भरून दिला नाही.

शुल्क सोळा हजार रुपये, श्रोत्याला आठ हजार. वेळ नऊ ते एक, आणि नऊ म्हणजे नऊ. बंगल्यासमोर चारचाकी लावायला जागा नाही. हेडसेट वर्गाचे आहेत, पण कानाच्या गाद्या फाटल्या आहेत. स्वतःचा असेल तर न्यावा. ज्यांना केवळ परीक्षेपुरते प्रश्नोत्तर पाठ करायचे आहे, त्यांना हा वर्ग संथ वाटेल आणि त्याहून स्वस्तात काम होईल. ज्यांची उड्डाणे सुरू झाली आहेत आणि रेडिओवर आपण नेमके कशाला होकार दिला हे ज्यांना नंतर आठवत नाही, त्यांनी जरूर जावे. एकही उड्डाण न केलेल्याने मात्र थोडे थांबावे, कारण ज्याने धावपट्टीवर उभे राहून घाम पुसलेला नाही, त्याला ती जीप खेळणेच वाटेल. पुतणीला उपयोग झाला का, तर गेल्या आठवड्यात तिने बारामतीला टॅक्सी करताना एकाच उड्डाणात दोनदा 'से अगेन' म्हटले आणि प्रशिक्षकांनी तिला त्याबद्दल काहीच सुनावले नाही. पूर्वी हे दोन शब्द तिला लाजिरवाणे वाटत.

एक गोष्ट अजून बाकी आहे. प्रत्येकाच्या सरावाचे ध्वनिमुद्रण वर्ग संपल्यावर देतात असे प्रवेश घेताना सांगितले होते. आम्हाला ते अद्याप मिळालेले नाही. मी सरांना संदेश पाठवून विचारले, तर उत्तर आले, 'पाठवतोच'. त्यावर मी 'से अगेन' असे कळवले आहे.